रांगेत अडकलेला होकार

आमच्या घरी मेल सर्व्हर होता. कुणाच्या घरी गाय असते, कुणाच्या घरी पिठाची गिरणी असते, तसा. अकोल्यात जठारपेठेतल्या घरी, स्वयंपाकघराच्या दाराजवळ एक लोखंडी मांडणी होती. तिच्या वरच्या फळीवर पापडांचा डबा आणि खालच्या फळीवर ते काळं खोकं, इन्व्हर्टरला जोडलेलं. पाहुणे विचारायचे, हे काय आहे? बाबा सांगायचे, "पोरीचं पोस्ट ऑफिस आहे." पाहुणे समजल्यासारखी मान हलवायचे आणि लगेच माझ्या लग्नाचा विषय काढायचे. तेव्हापासून मला पाहुणे आवडत नाहीत.

मी अमरावतीला शिकून परत आले होते. कॉलेजांना कॉम्प्युटरच्या लॅब लावून द्यायचं काम करायचे आणि डोक्यात एक खूळ होतं: आपला मेल आपल्या घरातून गेला पाहिजे. जगातल्या दोन-तीन बड्या कंपन्यांच्या गोदामात आपली पत्रं नेऊन ठेवायची कशाला? गिऱ्हाईकं म्हणाल तर एक बियाण्याचं दुकान, एक वकील, एक होमिओपॅथीचे डॉक्टर आणि आमचे झाडून सारे नातेवाईक. नातेवाईकांना मी विचारलं नव्हतं. धरून धरून पत्ते दिले होते.

आता यात एक भानगड होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो. जुन्या पद्धतीचे नंबर संपत आले होते, म्हणून आमच्या इंटरनेटवाल्यानं एकाच नंबरावर अख्खी गल्ली बसवली होती. तसल्या सामाईक नंबरावर सर्व्हर चालत नाही. पत्र आलं तर टाकायचं कुणाच्या घरात? पण त्याच सुमारास त्यानं नव्या पद्धतीचे नंबर द्यायला सुरुवात केली. या पद्धतीला आयपी सहा म्हणतात, मी नुसतं सहा म्हणते. हे नंबर लांबलचक आणि इतके मुबलक, की माझ्या एकटीच्या वाट्याला आले तेवढ्यांत जिल्ह्यातल्या तुरीच्या दाण्यादाण्याला एकेक वाटून उरले असते. मी ठरवलं, चालवीन तर सहावरच. जाणकार म्हणाले, अहो, सहा अजून निम्म्या जगाला कळत नाही. खरं होतं. ज्यांना कळत नव्हतं त्यांचे मेल माझ्याकडं येतच नव्हते. त्यात बहुतेक सरकारी कार्यालयं होती, त्यामुळं गिऱ्हाईकांची काही तक्रार नव्हती.

तक्रार आली ती आत्याची. आणि ती आली तेव्हा माझं खूळ मला चांगलंच महागात पडणार होतं, किंवा खरं म्हणजे तिला.

आत्या, बाबांची धाकटी बहीण, तेल्हाऱ्याला शाळेत शिकवायची. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला. तिनं माहेरी येऊन बसायला साफ नकार दिला, बीएड केलं, नोकरी धरली, आणि नवऱ्याची होती तेवढी काळी जमीन बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, लावत राहिली. पन्नाशी उलटली तरी चालणं असं, की बाजारात लोक बाजूला व्हायचे. तेल्हारा तालुक्यातली अर्धी माणसं तिच्या हातची छडी खाऊन मोठी झाली होती आणि उरलेल्या अर्ध्यांना तिची भीती ऐकून माहीत होती.

ती वर्षं वाईट होती. कापसानं मान टाकली होती आणि आमच्या जिल्ह्यांची नावं मुंबई-दिल्लीच्या पेपरांत एकाच कारणानं छापून यायची. ते कारण मी इथं लिहीत नाही, मला अजून त्याचा राग येतो. गाड्या भरभरून माणसं यायची आणि आम्हाला प्रश्न विचारून जायची. अशाच एका सर्वेक्षणाबरोबर अमरावतीचे एक गृहस्थ तेल्हाऱ्याच्या शाळेत आले. बँकेतून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी बसवत नाही म्हणून प्रश्न विचारत हिंडायचं काम फुकटात घेतलेलं. त्यांनी आत्याला पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही दिवसातून किती वेळा जेवता?"

आत्यानं त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, "तुमी आज जेवले का? तोंड पाहा कसं सुकून गेलं. पोटात काई नसलं का मानसाले असेच प्रश्न सुचतात."

आणि घरी नेऊन भाकरी आणि ओल्या तुरीचे सोले घातलेली वांग्याची भाजी वाढली. सर्वेक्षणाची गाडी तासभर शाळेच्या फाटकाशी हॉर्न वाजवत उभी राहिली. पुढं काकांनी (आता काकाच म्हणते, तेव्हा ते नुसते 'अमरावतीचे' होते) आभाराचा मेल टाकला. आत्यानं उत्तर दिलं. मग वर्षभर हे चाललं. आत्याचा पत्ता माझ्या सर्व्हरवर होता आणि काकांचा एका बड्या कंपनीकडं, म्हणजे माझ्या मते शत्रूच्या गोटात.

हे मला कसं माहीत, तर आत्यानं स्वतः सांगितलं. एका रविवारी अकोल्याला आली, मला गच्चीवर नेलं आणि म्हणाली, "तुह्या बापाले सांगू नको अजून. थे अमरावतीचे मले लग्नाचं इचारून राहिले."

मी एकदम ओरडले. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

काकांनी लिहिलं होतं, की पुण्याला मुलानं त्यांच्यासाठी खोली तयार केली आहे. महिनाअखेरीला सामान बांधून कायमचं जायचं ठरलं आहे. तुम्ही हो म्हणालात तर मी जात नाही. फोनवर विचारत नाही, फोनवर माणूस भिडेपोटी काहीही बोलतो. लिहून कळवा. उत्तर आलं नाही, तर मी समजून जाईन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही.

"मंग? काय लिहिनार?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना मधूनच माझीही वऱ्हाडी सुटते.

"हो लिहिनार. दुसरं काय?" ती म्हणाली, आणि पंचावन्न वर्षांची ती बाई अशी लाजली, की मला हसू आवरेना.

"अवं मंग आत्ताच फोन लाव ना!"

"फोनवर हो म्हनू? लग्न करून राहिली मी, गॅस बुक नाई करून राहिली."

आता ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सोयरीक नाकारायची असली तर वऱ्हाडात तोंडानं 'नाही' कुणी म्हणत नाही. पोहे खायचे, चहा प्यायचा, निघताना चपला घालत घालत 'कळवतो' म्हणायचं आणि कळवायचं नाही. समोरचाही समजून घेतो. यात कुणाचा अपमान होत नाही. मला बघून गेलेले कितीतरी जण अजून कळवून राहिले आहेत. तेव्हा काकांनी लिहिलेलं 'समजून जाईन' हे नुसतं बोलणं नव्हतं, रीतच होती. अशा मुलखात मेल वेळेवर न पोचणं म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाच्या ध्यानात यायचं नाही.

आत्या तेल्हाऱ्याला परत गेली आणि तिनं होकार पाठवला. मला फोन करून सांगितलं, "पाठवला बाप्पा." मी कामासाठी अमरावतीला गेले, एका कॉलेजात बरेच दिवस अडकले. घरी सर्व्हरवर लक्ष ठेवायला बाबा. मी रोज विचारायचे, "हिरवा लाइट चालू आहे ना?" बाबा म्हणायचे, "आहे." झालं. हिरवा लाइट चालूच होता. तो लाइट गावाला आग लागली तरी चालूच राहिला असता.

परत येऊन पाहते, तर बाहेर जाणारे मेल खोळंबलेले. बियाणेवाल्याचे, वकिलाचे, आणि त्यांत आत्याचे तीन. तिन्ही एकाच पत्त्यावर. बड्या कंपनीनं त्या महिन्यात सहावाल्यांसाठी नियम आवळले होते. माझं यंत्र दार वाजवायचं, पलीकडून उत्तर यायचं: आम्ही तुम्हाला ओळखत नाही, नंतर या. यंत्र बिचारं नंतर जायचं. पुन्हा तेच.

ओळख कशी पटवायची, तर उलट्या नावानं. म्हणजे असं: माझं यंत्र जाऊन सांगतं, मी अमुक. समोरचा म्हणतो, थांब, तुझ्या नंबरावरून मागे जाऊन विचारतो, हा नंबर कुणाचा? त्याचं उत्तर मी देऊन चालत नाही, ज्यानं मला नंबर दिला त्यानं नोंदवलेलं असावं लागतं. भाडेकरूबद्दल घरमालकाला विचारतात, तसंच. जुन्या नंबरांच्या बाबतीत लोक एवढी चौकशी करत नसत. सहावाल्याकडं मात्र सगळे संशयानं बघायचे. आणि माझ्या घरमालकानं, म्हणजे इंटरनेटवाल्यानं, माझ्या नंबराला नावच लावलं नव्हतं.

मी तशीच गांधी रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात गेले. तिथला इंजिनिअर तेल्हाऱ्याकडचा, रजई-गाद्यावाल्यांच्या घरातला मुलगा, तिशीचा, बोलायला गोड, कामाला ढिला. याच्याकडं मी आधीही दोन-तीनदा याच नावासाठी हेलपाटे घातले होते.

"ताई, पुन्हा ते उलटं नाव?" तो म्हणाला. "नाव तं सुलटंच चांगलं राह्यते. तुमी जुना नंबर घेऊन टाका ना वेगळा. सहा-बिहाच्या मागं कायले लागता? आख्ख्या अकोल्यात तुमी एकट्याच आहा मागनाऱ्या."

"एकटी असो नाहीतर हजार असोत. नंबर तुमचा, नाव तुम्हीच लावायचं."

"नागपूरले इचारावं लागते. उद्या पाहू."

त्याचा उद्या मला माहीत होता. माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटून म्हणाले, "उद्या नाही, आज. तेल्हाऱ्याच्या शाळेतल्या बाईंचा मेल अडकलाय याच्यात. माझी आत्या आहे ती."

तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. खरंच सांगते, समोर आत्या नव्हती तरी उभा राहिला.

"आपल्या बाईंचा? अरे बाप रे! ताई, आदी काऊन नाई सांगितलं?" आणि त्यानं उभ्या उभ्याच नागपूरला फोन लावला. "हां सर, अभी करना है, अभी के अभी. नहीं सर, बहुत बडी पार्टी है."

मी घरी पोचून चप्पल काढेपर्यंत नाव लागलं होतं. महिनोन्‌महिने जे जमलं नाही ते माझ्या आत्याच्या छडीनं इतक्या वर्षांनंतर करून दाखवलं. मी मांडणीसमोर स्टूल घेऊन बसले. थोड्या वेळानं रांग हलली. बियाणेवाल्याचा एक मेल गेला. मग आत्याच्या तीनांतला एक गेला. मी टाळी वाजवली आणि तिला फोन लावला.

"आत्या, तुझे मेल अडकले होते! त्यांना काही पोचलंच नव्हतं. त्यांनी नाही म्हटलेलं नाही, कळलं का? आता सुटले. एक तर पोचलासुद्धा."

पलीकडं मधल्या सुट्टीचा गलका होता. आत्या हळूच म्हणाली, "तिन्ही अडकले होते?"

"तिन्ही."

"आन कोनता गेला?"

मी पाहिलं. "शेवटचा. तू सगळ्यांत शेवटी टाकला तो."

"पहिला आदी काऊन नाई गेला वं?" तिचा आवाज चिरकला.

त्याचं कारण सोपं होतं. मेलच्या रांगेचा स्वभावच असा, की नव्यानं आलेल्याला ती लवकर लवकर विचारत राहते, आणि जो बरेच दिवस बसून आहे त्याच्याकडं फार फार वेळानं बघते. हे मी तिला समजावायला लागले, तर ती मध्येच म्हणाली, "बाकीचे दोन धरून ठेव. सोडू नको. मी येऊन राहिली." आणि फोन ठेवला.

रांगेतला मेल धरून ठेवता येतो, मी ठेवला. आत्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून एसटीनं आली, तेव्हा उन्हानं लाल झाली होती. पाणी दिलं तर घेतलं नाही. मांडणीसमोरच्या स्टुलावर बसली आणि सांगायला लागली.

पहिला मेल होकाराचा. हो लिहिलं होतं आणि पुढं रीतसर, की बाकीची बोलणी अकोल्याला माझ्या भावाच्या घरी होतील, जठारपेठेतला हा पत्ता. तो पाठवून ती वाट बघत बसली. उत्तर नाही. मग दुसरा लिहिला, त्यात झाडलं होतं: एवढ्या मोठ्या बँकेत साहेब होते म्हणता, दोन ओळी लिहिता येत नाहीत का? त्यालाही उत्तर नाही. मग तिला वाटलं, ते घाबरले. विचारून बसले आणि आता पस्तावले, आणि रीतीप्रमाणं गप्प राहून आपल्याला समजून घ्यायला सांगत आहेत.

"मले गप बसनारा मानूस नाई चालत," ती म्हणाली. "म्हून मी तिसरा लिहिला. सरळ लिहिलं. माहा नकार आहे. सुखानं पुन्याले जा."

"आणि तोच गेला," मी म्हणाले.

"तोच गेला ना! तुह्या या खोक्याले तोच भेटला!"

महिनाअखेर दोन दिवसांवर. मी म्हणाले, "आत्या, मग आता बाकीचे सोडते. होकार जाऊ दे त्यांना."

"खबरदार! आदी नाई म्हनली, आन आता मागून हो जाईन? मी काय हात पसरून राहिली का? मिटवून टाक दोन्ही."

"मी नाही मिटवणार. गिऱ्हाईकाचा मेल मी मिटवत नाही."

"मी तुही आत्या हाव!"

"म्हणूनच नाही मिटवणार. हे बघ, इथं असं लिहून हे बटण दाबलं की मिटतो. इथं असं लिहून दाबलं की सुटतो. तूच कर काय करायचं ते." मला इतका राग आला होता, की मी तिच्यापुढं कीबोर्ड जवळजवळ फेकलाच. राग तिचा नव्हता. बड्या कंपनीचा होता, नागपूरचा होता, हिरव्या लाइटचा होता. आणि तिचं लग्न व्हावं असं मला माझ्या लग्नाच्या दसपट वाटत होतं.

ती कीबोर्डकडं बघत बसली. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले आणि साखरेच्या डब्यात चमचा हलवत कान देऊन उभी राहिले. बाहेर काहीच आवाज नाही. मग ती मोठ्यानं म्हणाली, मला नव्हे, त्या खोक्याला, "तिन्ही मीच लिहिले ना? मंग जातीन तं तिन्ही जातीन. आर्धी काऊन जाऊ मी?"

आणि बटणाचा आवाज आला.

आधी दुसरा गेला, झाडलेला. मग पहिला. आम्ही दोघी स्क्रीनला नाक लावून बघत होतो. ते गेल्यावर आत्यानं पदरानं तोंड पुसलं, पाणी मागितलं आणि गटागटा प्याली. "झालं," म्हणाली. "आता त्यायले पटन तं पटन."

त्या संध्याकाळी बाबा दुकान बंद करून यायच्या आतच दार वाजलं. दारात काका. हातात कापडी पिशवी, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. ते माझ्याकडं न बघता आत बघत म्हणाले, "बाई आहेत का?"

आत्या उठून उभी राहिली. तेल्हारा तालुका जिच्यापुढं उभा राहायचा, ती उभी राहिली.

काका म्हणाले, "तुम्ही नकार दिला. मग मला झाडलं. आणि मग हो म्हणालात. एवढ्या लवकर राग उतरतो तुमचा?"

"काही उतरला-बितरला नाही!" आत्या एकदम भांडायलाच लागली, तेही शाळेतल्या भाषेत. "मी आधीच हो म्हटलं होतं! नकार सगळ्यांत शेवटी होता! विचारा हिला! हिच्या या डब्ब्यानं सारं उलटं पोचवलं!"

"जे पोचलं ते मला खरं," काका म्हणाले, आणि चप्पल काढून आत आले. पोहे मी केले. चपला घालत घालत 'कळवतो' कुणी म्हणालं नाही. बाबा आले तेव्हा त्यांना एकदमच सगळं कळलं, आणि त्यांनी सगळ्यांत आधी विचारलं, "मंग हिरवा लाइट चालू होता तो कायचा होता?"

लग्न रजिस्टर झालं. काकांच्या मुलानं पुण्याची खोली भाड्यानं देऊन टाकली आणि काका तेल्हाऱ्याला राहायला गेले. मी गावभर सांगत सुटले, की बघा, होकार गेला आणि माणूस संध्याकाळच्या आत दारात! याला म्हणतात सर्व्हर. याला म्हणतात सहा. ऐकणाऱ्यांना सहा काय ते कळत नव्हतं, पण दोन गिऱ्हाईकं वाढली. आणि तिकडं घरात काकांना आयुष्यभराचा विषय मिळाला. पाहुण्यांसमोर सांगायचे, "आधी नाही म्हणाली, मग रागावली, मग पाघळली." आत्या दर वेळी उसळायची, "पाघळली कोन? मी आदीच हो म्हनली होती, तारखा पाहा!" काका तारखा बघायचे नाहीत.

लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. काका एकटेच अकोल्याला आले, त्यांचाही पत्ता माझ्या सर्व्हरवर हलवून घ्यायला. शत्रूच्या गोटातून माणूस फुटून आला म्हणून मी खुशीत होते. त्यांचे जुने मेल इकडं आणत होते, ते शेजारी स्टुलावर बसून चहा पीत होते. मी सहज म्हणाले, "काका, एकदा तरी तिच्यासमोर तारखा बघून टाका. बिचारी किती चिडते."

"तारखा मी तेव्हाच पाहिल्या होत्या," काका म्हणाले. "बँकेत जन्म गेला माझा. कागद हातात आला की आधी तारीखच दिसते मला. नकार शेवटचा होता, माहीत आहे मला."

"मग आलात कसे?"

"नकार वाचूनच निघालो होतो मी," ते म्हणाले. "पिशवी भरली आणि डेपोत आलो. तेल्हाऱ्याला जाणार होतो. बाकीचे दोन मेल मला अर्ध्या वाटेवर, मूर्तिजापूरच्या स्टँडवर, मोबाइलवर मिळाले, गाडी थांबली होती तेव्हा. त्यात तुमचा पत्ता होता म्हणून अकोल्यात उतरलो, नाहीतर पुढंच गेलो असतो."

मी मनातल्या मनात वेळांचा हिशेब केला. खरंच, होकार सुटला तेव्हापासून ते दारात उभे राहीपर्यंत एसटीनं अमरावतीहून येणं होतच नाही. इतके दिवस मी कशाचं श्रेय घेत हिंडत होते!

"पण नकार वाचून कोण येतं, काका?"

"माझ्या आयुष्यात मला सरळ 'नाही' लिहून कळवणारं माणूस तेच पहिलं," ते म्हणाले. "बाकी सगळे गप्प बसले. म्हटलं, जाऊन भेटू तरी. फार तर तोंडावर पुन्हा नाही म्हणेल."

काका तीच कापडी पिशवी खांद्याला अडकवून भाजी आणायला बाहेर पडले, आणि मी तेल्हाऱ्याला फोन लावला. मी काही पोटात ठेवणारी बाई नाही. जसं ऐकलं तसं सगळं आत्याला सांगितलं.

ती म्हणाली, "म्हंजे मी थे दोन सोडले नसते, तरी आले असते थे?"

"निघालेच होते. तुझा हो त्यांना वाटेत मिळाला."

"आन मी तुह्या त्या खोक्यासमोर बसून जीव काढला माहा. इतकी शरम वाटली मले तवा. वाटे, आता काय तोंड दाखवू..."

"आत्या?"

"त्यायले लवकर पाठव," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली.